माती परीक्षणाचा कागद हातात आलाय, आता खत कोणतं घेऊ? (सोयाबीन-कपाशी, कोरडवाहू)

आर्णीकर | १४ मे
रामराम मंडळी. आर्णी तालुक्यात आमचं दहा एकर वावर आहे. वडिलांचा आजवरचा हिशोब सरळ: पेरणीला डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत), पहिल्या डवरणीला (कोळपणीला) युरिया, पीक पिवळं दिसलं की अजून युरिया. यंदा त्यांच्या मागे लागून मातीचा नमुना दिला. कागद आलाय, तो जसाच्या तसा टाइप करतोय.

सामू (पीएच) ८.१, ईसी (क्षारता) ०.३२, सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.४१ टक्के. नत्र (नायट्रोजन) १७२, स्फुरद (फॉस्फरस) १४, पालाश (पोटॅश) ४१० (किलो, हेक्टरी). गंधक ७.२, जस्त ०.४२, लोह ३.६, मंगल (मँगनीज) ६.१, तांबे १.९, बोरॉन ०.५५ (पीपीएम).

हा कागद घेऊन कृषी केंद्रात गेलो. दुकानदाराने तो उलटून पण पाहिला नाही, दोन बाटल्या आणि एक पांढरी बादली काउंटरवर ठेवली. "यात सगळंच येते" म्हणे. सहा एकर सोयाबीन (मध्ये तूर), चार एकर कपाशी, पाणी फक्त वरचं. जाणकारांनी सांगावं.

वऱ्हाडी_ठेचा | १४ मे
बादलीवर वाघाचं चित्र होतं का सिंहाचं? वाघ असन तं दोनशे रुपये जास्त लागते भाऊ 😄
म्या मागच्या साली असंच टॉनिक मारलं. पऱ्हाटी (कपाशी) कमरेच्या वर गेली, बोंडं मात्र मोजून घ्या. कागद चांगला हाये तुमचा, फेकू नका. जाणकार मानसं येतीन आता.

काळी_कसदार | १४ मे
नोकरी सगळी मातीच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे राहवत नाही. लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आधी कागद वाचू. आकड्याला तेव्हाच अर्थ येतो जेव्हा शेजारी मर्यादा लिहिलेली असते. जस्त ०.६ पीपीएमच्या खाली गेलं की कमतरता धरतात, लोह ४.५ च्या खाली, मंगल २ च्या, तांबे ०.२ च्या, बोरॉन ०.५ च्या, गंधक १० च्या. आता तुमचे आकडे लावून बघा. मंगल आणि तांबे भरपूर. बोरॉन काठावर, पण ठीक. कमी आहे ते गंधक, जस्त आणि लोह. त्या बादलीत "सगळंच" असेल तर त्यातल्या निम्म्या वस्तू तुमच्या वावरात आधीच पडून आहेत.

मोठ्या तिघांचं बोलायचं तर नत्र कमी आहे (२८० च्या आत सगळं कमीच) आणि त्यात नवल काही नाही, कर्ब ०.४१ असल्यावर नत्र कुठून येणार? स्फुरद मध्यम. पालाश भरपूर, काळ्या मातीत असतोच.

आता सोयाबीन. आपल्याकडची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ७५ स्फुरद, ३० पालाश. एकरी झालं १२:३०:१२. हे दोन वाटांनी देता येतं. डीएपी ६५ किलो टाकलं की स्फुरद ३० आणि नत्र जवळजवळ १२, दोन्ही एकाच पोत्यातून. सोपं आहे, म्हणून तर वडील तेच करत आले. दुसरी वाट: सिंगल सुपर फॉस्फेट १८७ किलो आणि युरिया २६ किलो. पोती उचलताना कंबर धरते, मजूर कुरकुरतो. पण सुपर फॉस्फेटमध्ये ११ टक्के गंधक असतं, म्हणजे एकरी २० किलो गंधक वेगळा पैसा न देता वावरात गेलं. डीएपीत गंधक जवळपास नाही. तेलबियांना गंधक तेलासाठी आणि प्रथिनांसाठी लागतं, आणि तुमचा आकडा ७.२ आहे. मला विचाराल तर सोयाबीनला यंदा सुपर फॉस्फेट. पालाश कागदावर भरपूर असला तरी शिफारशीतला सोडू नका, एकरी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश, बस. काळी माती पालाश धरूनही ठेवते, आणि शेंगा भरताना पिकाला तो एकदम लागतो.

जस्तासाठी झिंक सल्फेट एकरी १० किलो, पेरणीआधी. दरवर्षी नको, दोन-तीन वर्षांतून एकदा. डीएपीत कालवून टाकू नका, स्फुरद आणि जस्त एकमेकांना धरून बसतात. शेणखतात मिसळून आठवडाभर ओलसर मुरवा, मग टाका.

पुणेरी_पाहुणा | १५ मे
शेती नाही, पण वाचतोय. एक बाळबोध शंका. आजोबांच्या वेळी झिंक, सल्फर असलं काही नव्हतं आणि पिकं येत होती. मग आताच ही कमतरता कुठून उपटली?

काळी_कसदार | १५ मे
शंका बाळबोध नाही, उत्तर मात्र दोन पदरी आहे.

एक, तेव्हा वावरातून जात किती होतं? देशी कपाशी, जवार, तूर, उतारा बेताचा, घरची गुरं, कुटार आणि शेण पुन्हा वावरातच. एक टन सोयाबीन तयार व्हायला साधारण ६० ते ८० किलो नत्र लागतं. त्यातलं बरंचसं मुळांवरच्या गाठी हवेतून आणतात, पण जस्त, गंधक, स्फुरद काही हवेतून येत नाही. ते दाण्याबरोबर मार्केट यार्डात जातं आणि परत येत नाही.

दुसरं कारण फारसं कोणी बोलत नाही. सिंद्रीचा (आताच्या झारखंडमधला) खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला तो अमोनियम सल्फेटचा. त्या पोत्यात नत्राबरोबर गंधक यायचं. स्फुरदाला सुपर फॉस्फेट, त्यातही गंधक. शेतकऱ्याने गंधक कधी मागितलं नाही, ते फुकटात मिळत होतं. मग युरिया आला, ४६ टक्के नत्र, वाहतुकीला स्वस्त. डीएपी आलं, नत्र-स्फुरद १८:४६. दोन्ही जोरदार खतं, पण गंधकाचं खातं बंद झालं. खत जितकं शुद्ध आणि तीव्र होत गेलं, तितकं बरोबर येणारं इतर काही येईनासं झालं. त्यावर संकरित कपाशी, २००२ पासून बीटी, बोंडांचा भार वाढला. कमतरता अशी हळूहळू वर आली.

धानपट्टा | १५ मे
गोंदियाकडून हजेरी. आमच्याकडे धानावर बांधीत तपकिरी डाग पडून रोप खुजं राहायचं, लोक रोग समजून औषधं मारायचे. खैरा म्हणतात त्याला. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की हा रोग नाही, जस्ताची कमतरता आहे. साठ वर्षं होत आली, आणि आजही खैरा दिसला की आमच्या गावात आधी बुरशीनाशक मागतात. आर्णीकर, तुमचं पीक वेगळं पण मुद्दा तोच.

दुकानदार_मी | १६ मे
माझं स्वतःचं कृषी केंद्र आहे (गाव सांगत नाही). वर दुकानदारांना झोडपणं चाललंय म्हणून लिहितो. हंगामात आम्हाला युरिया-डीएपी हवं असेल तर पुरवठा करणारा त्यासोबत बाटल्या, पाकिटं गळ्यात मारतो. लिंकिंग म्हणतात. तो माल गोदामात सडवायचा की विकायचा? सरकारी पत्रकं येतात की लिंकिंग करू नका, पण गाडी उतरवून घेताना पत्रक कामी येत नाही. चूक ती चूक, पण साखळी वरून येते.

आणि आर्णीकर, माल घेताना पाकिटावर "ग्रेड १" आहे की "ग्रेड २" ते बघा. १ जमिनीतून द्यायचा, २ फवारणीचा. बरेच जण फवारणीचा माल जमिनीत टाकतात.

काळी_कसदार | १६ मे
प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं. ग्रेडवरून एक हिशोब. ग्रेड १ मध्ये जस्त ५ टक्के. १० किलो टाकलं तर जस्त गेलं अर्धा किलो. तेवढ्याच १० किलो साध्या झिंक सल्फेटमधून (२१ टक्के) जातं २ किलो १०० ग्रॅम. एकाच गोष्टीची कमतरता असेल तर तीच गोष्ट घ्या. मिश्रण त्याच्यासाठी, ज्याने माती तपासलीच नाही. झिंक सल्फेटमध्येही २१ टक्क्यांचं आणि ३३ टक्क्यांचं अशी दोन येतात. पोत्यावर वाचा, ३३ असेल तर मात्रा कमी करा.

वऱ्हाडी_ठेचा | १६ मे
दुकानदार भाऊ, खरं बोल्ले म्हणून नमस्कार. पन मले युरिया पायजे तं तुमची बाटली मी कायले घेऊ? २६६ रुपयाची बॅग अन् ४०० ची बाटली. बॅग वावरात जाते, बाटली माह्या घरी माळ्यावर. चार सालच्या पडल्या हायेत.

सुनंदा_वर्धा | १७ मे
सगळे पोत्यांवरच बोलताय. कर्ब ०.४१ आहे, त्यावर कोणी का थांबत नाही? माझा भर शेणखत, गांडूळखत आणि जीवामृतावर आहे, रासायनिक मी बंद केलंय. कर्ब वाढला की माती स्वतः देते. पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवतात आणि मग बाजारातून कर्बाची पाकिटं आणतात, हे बघून जीव तुटतो.

काळी_कसदार | १७ मे
सुनंदाताई, पऱ्हाटीबद्दल शंभर टक्के सहमत. श्रेडर मारून बारीक करून वावरातच मुरवली तर कर्बही राहतो आणि गुलाबी बोंडअळीचा मुक्कामही मोडतो.

बाकी मुद्द्यावर थोडा वाद घालतो, राग नसावा. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का. टनाला ५ किलो. सोयाबीनचे एकरी १२ किलो त्यातून काढायचे तर अडीच टन लागतील, कपाशीला दुप्पट. दहा एकराला किती बंड्या झाल्या, आणि गावात गुरं किती उरलीत? ज्याच्याकडे आहे त्याने जरूर टाकावं. शेणखताचं खरं काम पोषणाच्या किलोंपेक्षा वेगळं आहे: जस्त-लोहाला चुन्यापासून वाचवून मुळाला घेता येईल अशा रूपात ठेवणं, पाणी धरणं, जिवाणूंना खायला देणं. म्हणून मी "खत की शेणखत" असं भांडण लावत नाही. पण वर्ध्याचा अनुभव आर्णीच्या कोरडवाहू दहा एकराला जसाच्या तसा लागू होईल, असं मला वाटत नाही.

सुनंदा_वर्धा | १७ मे
माझ्याकडे सहा जनावरं आहेत आणि तीन एकर. तुमचं म्हणणं पोचलं, पटलं मात्र अर्धंच. 🙂 आर्णीकर, एक एकर तरी वेगळं ठेवून बघा.

आर्णीकर | १८ मे
खूप आभार. वडिलांना वाचून दाखवलं. सुपर फॉस्फेटची पोती जास्त म्हणून कुरकुर झाली, पण सोयाबीनला तयार झालेत. कपाशीचं कसं?

काळी_कसदार | १८ मे
कोरडवाहू बीटीला हेक्टरी ६०:३०:३०, म्हणजे एकरी २४:१२:१२. सुपर फॉस्फेट दीड बॅग, पोटॅश २० किलो, दोन्ही पेरणीला. युरिया सगळा मिळून ५२ किलो, निम्मा पेरणीला, निम्मा महिनाभराने. स्फुरद फोकून देऊ नका, बियाण्याच्या खाली-बाजूला पडला पाहिजे. चुनखडीच्या मातीत वर फेकलेला स्फुरद चुन्याशीच संसार थाटतो. युरिया ओल असताना द्या आणि लगेच डवरा फिरवून मातीआड करा. सामू ८ च्या वर असेल तिथे उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. वास येतो तो तुमच्या पैशाचा.

सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम (गाठीत नत्र बांधणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) चोळायचं विसरू नका. आधी बुरशीनाशक, सुकू द्या, मग सावलीत जिवाणू.

आर्णीकर | ९ ऑगस्ट
धागा वर काढतोय. आठवडाभर झड होती, वावरात पाणी तुंबलं. खालच्या अंगाचं दीड एकर सोयाबीन पिवळं पडलंय. शेजारी सगळे येलो मोझॅक (पांढरी माशी पसरवते तो विषाणूचा रोग) म्हणून पांढऱ्या माशीचं औषध मारताहेत. २०२३ ला आमच्याकडे मोझॅकने हाल केले होते, त्यामुळे वडीलही घाबरलेत. काय करू?

काळी_कसदार | ९ ऑगस्ट
पंप उचलण्याआधी पान उचला. पिवळं नवं पान आहे की जुनं? शिरा हिरव्या आहेत का? पिवळेपणा पानभर सारखा आहे की ठिगळाठिगळांचा? आणि एक झाड मुळासकट उपटून, हलक्या हाताने धुऊन, गाठी नखाने फोडून रंग बघा.

आर्णीकर | ९ ऑगस्ट
शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या, अगदी जाळीसारख्या दिसतात. खालची पानं हिरवीच. ठिगळं नाहीत. पाणी तुंबलं तेवढ्याच पट्ट्यात आहे, वरच्या अंगाला काही नाही. गाठी आहेत, पण फोडल्या तर बऱ्याचशा पांढुरक्या, काही हिरवट. वरच्या अंगाच्या झाडाच्या फोडल्या तर आत गुलाबी-लाल.

काळी_कसदार | १० ऑगस्ट
मग मोझॅक नाही, लोह आहे. मोझॅकमध्ये पिवळ्या-हिरव्याची बेशिस्त ठिगळं असतात आणि रोगट झाडं वावरात इकडे-तिकडे विखुरलेली दिसतात, पाण्याच्या रेषेवर थांबत नाहीत.

पुणेरी पाहुण्यांसाठी: मातीत लोह टनांनी असतं. पण चुनखडी, सामू ८ च्या वर आणि तुंबलेलं पाणी, तिन्ही एकत्र आले की बायकार्बोनेट वाढतं आणि मुळाला लोह उचलता येत नाही. लोह झाडात जुन्या पानातून नव्या पानात जात नाही, म्हणून शेंडा पिवळा. नत्र आणि मॅग्नेशियम जातात, म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते. गंधक फारसं हलत नाही, पण तिथे शिरांसकट सगळं नवं पान फिकं होतं. पान वरचं की खालचं, एवढ्यावर अर्धं निदान होतं.

गाठीचा गुलाबी रंगही लोहाचाच. आपल्या रक्तात असतं त्याच जातीचं द्रव्य गाठीत असतं, ते असेल तरच गाठ नत्र बनवते. पांढरी गाठ कामावर नाही.

उपाय: चर काढून पाणी आधी बाहेर. वाफसा आला की डवरणी, मुळाला हवा मिळाली की अर्धं पीक आपोआप हिरवं होतं. फवारायचंच असेल तर १५ लिटरच्या पंपाला फेरस सल्फेट ७५ ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड १५ ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी. द्रावण त्याच वेळी करा, ठेवलेलं तांबूस झालं की टाकून द्या. जमिनीतून फेरस सल्फेट नुसतं टाकू नका, या मातीत ते दोन दिवसांत निकामी होतं.

युरिया टाकू नका. पिवळं दिसलं की युरिया, ही सवय इथे नडते. आयता नत्र मिळाला की गाठी आणखी आळसावतात.

संत्राबाग | ११ ऑगस्ट
वरूडकडून. आमच्या संत्र्यातही चुनखडीमुळे हेच, फक्त जस्त आणि लोह दोन्हीचं. जस्ताचं पान बारीक, उभट आणि चितकबरं होतं. नव्या नवतीवर झिंक सल्फेट अर्धा टक्का, त्यात चुन्याची निवळी घालून मारतो, नाहीतर कोवळं पान भाजतं.

आर्णीकर | २१ ऑगस्ट
चर काढले, डवरा मारला, फवारणी एकदा. शेंडा हिरवा निघतोय. शेजाऱ्याचं पण हिरवं झालं, त्याला वाटतंय औषधाने झालं. 🙂

वऱ्हाडी_ठेचा | २ ऑक्टोबर
आता माह्या पऱ्हाटीले लाल्या आला. बोंडं लदलद, पानं लाल. दुकानवाला म्हन्ते नवीन औषध आलं. काळी_कसदार सायेब, पानं खालची हायेत, शिरा हिरव्या, मधात लाल. इचारलं नाही तरी सांगून देल्लं.

काळी_कसदार | २ ऑक्टोबर
तयार झालात राव! अजून एक बघा, पानाच्या उलट्या बाजूला तुडतुडे आहेत का? त्यांच्यामुळे पान कडेकडेने लाल होतं आणि वाटीसारखं वळतं. तसं नसेल तर मॅग्नेशियम आणि नत्र. बोंडं भरताना झाड खालच्या पानातून दोन्ही ओढून घेतं, त्यात रात्री थंडी पडायला लागते, जमीन सुकते, मग लाल रंग चढतो. १५ लिटरला मॅग्नेशियम सल्फेट १५० ग्रॅम आणि युरिया ३०० ग्रॅम, दोन आठवड्यांनी पुन्हा. मॅग्नेशियमसोबत डीएपीचं पाणी मिसळू नका, साका बसतो आणि नोझल तुंबतं. जी पानं पूर्ण लाल होऊन वाळायला लागली ती परत येत नाहीत, वरची वाचवायची आहेत.

वऱ्हाडी_ठेचा | ३ ऑक्टोबर
तुडतुडे नाही. मारतो आजच. एक इचारू? माह्यं अर्धं वावर दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यात हाये. तिथं बी हाच हिशोब चालते का?

काळी_कसदार | ३ ऑक्टोबर
नाही, तिथे उलट्या बाजूने सुरुवात. पूर्णेच्या खोऱ्यातली ती माती चोपण, सोडियमने चिकणकण एकमेकांपासून सुटे करून टाकलेले, पाणी मुरतच नाही. आधी जिप्सम आणि चर, मग खत. बोअरचं खारं पाणी चुकूनही देऊ नका. जिप्सम किती, ते विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) तपासल्याशिवाय कोणी सांगत असेल तर ऐकू नका. तिथला नमुना बाकीच्या वावराच्या नमुन्यात मिसळू नका, वेगळा काढा. नागमोडी चालत आठ-दहा जागी वीतभर खोल खड्डे, झाडाखाली आणि धुऱ्याजवळ नाही. प्लास्टिकच्या घमेल्यात गोळा करा, जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत नको, नाहीतर कागदावर जस्त खोटंच जास्त येईल. उभं पीक असेल तर दोन ओळींच्या मधून घ्या. आकडे आले की इथेच टाका.